अक्काच्या आमटीवरचा तवंग

हुबळीत गोकुळ रोडवर एका छोट्या कारखान्यात मी मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे काय, तर मालक माझ्यावर ओरडले की मी फोरमनवर ओरडायचं, आणि फोरमन ओरडला की मी खिडकीतून बाहेर बघायचं. पंपाचे सुटे भाग करायचो आम्ही. आठ लेथ, दोन ड्रिल, एक प्रेस आणि चाळीस माणसं. पण त्या चाळीस माणसांवर खरी हुकमत होती ती कंपाउंडच्या मागं खानावळ चालवणाऱ्या अक्काची. एक वाजता भोंगा व्हायचा आणि अख्खा कारखाना मागच्या फाटकातून उतारावरून खाली तिच्या पत्र्याच्या शेडमधे जाऊन बसायचा. आधी हात धुवायचे, मग रांगेत बसायचं, आणि पानात टाकायचं नाही. मालकसुद्धा मुकाट्यानं बसायचे.

अक्का मूळची अळणावरकडच्या खेड्यातली. मराठी बोलता बोलता रागावली की कानडीत जायची आणि फार रागावली की परत मराठीत यायची. तिच्या शेडमागं एक विहीर होती. ती विहीर म्हणजे तिचं सगळं काही. त्या काळात हुबळीत नळाला आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी यायचं. रोज शंभर भाकऱ्या, मोठं पातेलंभर आमटी, भात आणि मग त्या सगळ्याची भांडी, हे नळावर कसं व्हायचं? अक्का म्हणायची, "ही विहीर आहे तोवर मी हुबळीत. ही गेली की दुसऱ्या दिवशी अळणावरची गाडी."

तिच्या आमटीची कीर्ती फार होती. का, तर तिच्यावर तेलाचा झकास तवंग असायचा. इतर खानावळवाले तेल कसं थेंबाथेंबानं घालतात आणि आमची अक्का कशी सढळ हाताची, यावर आम्ही तिथंच बसून भाषणं करायचो. "अक्का, मन मोठं हो तुमचं!" फोरमन वाटी तोंडाला लावून म्हणायचा. ती आत मोरीवर भांडी घासत बसलेल्या सुनेवर ओरडत असायची. "नुसती धुतेस! घासत नाहीस! हातात जोर नाही का तुझ्या?" हे रोजचंच होतं. जेवताना सुनेचा उद्धार ऐकायची आम्हाला सवयच लागली होती, आणि खरं सांगायचं तर मजाही यायची. ती पोरगी वीस-बावीस वर्षांची असेल. खाली मान घालून राखेनं भांडी खसाखसा घासत राहायची. तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

एके दिवशी मी हात धूत असताना अक्का जवळ आली. म्हणाली, "साहेब, तुम्ही शिकलेली माणसं. माझ्या विहिरीचं पाणी एकदा कुठंतरी तपासून आणा की. वेगळं लागायलंय. भांडी धुतली तरी चिकट राहतात."

आता यात अवघड काय होतं? धारवाडला मळमड्डीत माझ्या घरापासून सायकलवर जाण्याइतक्या अंतरावर कॉलेजं आहेत, तिथं ओळखीचे मास्तर आहेत, एक बाटली भरून दिली असती की झालं असतं. पण मी हात पुसत म्हणालो, "अक्का, काहीतरीच काय! तुमच्या विहिरीसारखं पाणी अख्ख्या गोकुळ रोडला नाही." दोन महिन्यांनी तिनं परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. असं दोन वर्षं चाललं. एकच वाक्य दोन वर्षं म्हणत राहिलं की होतं काय, माणसाला स्वतःलाच ते खरं वाटायला लागतं. माझं तसंच झालं, आणि त्यातूनच पुढची सगळी भानगड उभी राहिली.

आमच्या कारखान्याच्या मागच्या आवारात लेथवरून निघालेल्या लोखंडाच्या किसाचा ढीग असायचा. भंगारवाला येऊन नेईपर्यंत तो पुरुषभर उंच व्हायचा. लोखंड कापताना त्यावर सतत कटिंग ऑइल सोडावं लागतं, त्यामुळं तो कीस तेलानं नुसता निथळत असायचा. त्यावर पाऊस पडला की काळं पाणी आवारभर पसरायचं, भिंतीतल्या पाइपातून बाहेरच्या कच्च्या गटारात पडायचं आणि उतारानं खाली जायचं. खाली म्हणजे कुठं, हा प्रश्न मला पडला नव्हता. भिंतीच्या पलीकडं गेलं की ते सरकारचं, अशी आमची साधी समजूत होती.

सरकारची समजूत वेगळी निघाली. प्रदूषण मंडळाकडून पत्र आलं. कारखान्याच्या आवारातून पावसाबरोबर वाहून जाणारं पाणीही कारखान्याचंच समजलं जाईल, पाऊस सुरू असताना त्याचा नमुना घेतला जाईल, आणि त्यात तेल सापडलं तर परवान्याचं नूतनीकरण होणार नाही. मालकांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि माझ्यासमोर टाकलं.

"म्हणजे आता वरून पडणाऱ्या पाण्याची जबाबदारीपण माझी?"

"पडणाऱ्या नाही, वाहणाऱ्या," मी म्हणालो.

"मग काय आवारावर छत्री धरू?"

खरं तर तेच करायचं होतं. ढिगावर पत्रा टाका, भोवती कट्टा बांधा, तेल अडवायला एक टाकी करा, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. पण मालक म्हणाले, "बघू." आमच्याकडं बघू म्हणजे नाही, हे कुणाला सांगावं लागत नाही.

नमुना घ्यायला मंडळाचा जो माणूस नेमला होता, तो राहायला धारवाडला. आता धारवाड आणि हुबळी कागदावर एकच शहर असलं तरी पाऊस काही महानगरपालिकेच्या हद्दी बघून पडत नाही. धारवाडला धो धो कोसळत असतो आणि हुबळीत लोक पापड वाळत घालत असतात. हा बिचारा धारवाडला पाऊस लागला की बाटल्यांची पेटी स्कूटरला बांधून, रेनकोट घालून निघायचा आणि आमच्या फाटकात चक्क उन्हात उभा राहायचा. रेनकोटातून घाम निथळतोय आणि वॉचमन विचारतोय, "काय साहेब, एवढं ऊन लागतंय?" असं तीनदा झाल्यावर त्यानं शहाणपणा केला. निघायच्या आधी तो फोन करायला लागला. कुणाला? तर आम्हालाच.

"मळी ऐतेन्री? पाऊस आहे का तिकडं?"

"छे हो, कडक ऊन आहे," मी म्हणायचो. आणि डोक्यावर पत्र्यावर ताशे वाजत असायचे.

"मग हा आवाज कसला?"

"प्रेस चालू आहे."

प्रेस आमच्या कारखान्यात त्या पावसाळ्यात इतकी चालली, की कागदावर तिचा हिशोब लावला असता तर आम्ही हुबळीतले सगळ्यात मोठे उत्पादक ठरलो असतो.

पण माणूस चिवट होता. नवरात्र सुरू झालं, परतीचा पाऊस रोज दुपारी हजेरी लावायला लागला, आणि एके सकाळी तो पेटी घेऊन आला आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसला. "साहेबांनी सांगितलंय, सणाच्या आत बाटली पाहिजे. आता मी इथंच बसतो. पाऊस येईल तेव्हा येईल."

आणि बसला की हो! चहा प्यायचा, पेपर वाचायचा, दर अर्ध्या तासानं बाहेर जाऊन आभाळ बघायचा. मी माझी कामं करू की याच्याकडं बघू? एक वाजता त्याला एकटं सोडून कसं जायचं म्हणून मी त्याला अक्काकडं घेऊन गेलो. पहिल्याच घासाला तो खूष. "काय आमटी आहे हो! आणि तेल बघा, हात आखडता नाही." पाण्यातलं तेल मोजायची नोकरी करणारा माणूस हे बोलत होता, आणि आम्ही सगळ्यांनी अभिमानानं माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं दोनदा आमटी मागून घेतली.

तिसरा दिवस खंडेनवमीचा, म्हणजे आमची आयुधपूजा. कारखान्यात वर्षाचा खरा सण हाच. आदल्या दिवशी सगळी यंत्रं पुसून, डिझेलनं धुऊन, वरून पाण्याचे पाइप सोडून आरशासारखी लखलखीत करायची. वर्षभराचं चिकटलेलं तेल, वंगण, काजळी, सगळी घाण त्या एका दिवशी निघायची. कुठं जायची? आवारात. म्हणजे कारखाना आतून वर्षात सगळ्यात स्वच्छ असायचा तेव्हा आवार सगळ्यात घाण असायचं, आणि नेमका हाच मुहूर्त त्या गृहस्थानं गाठला होता. सरकारी सुट्टी असूनही तो सकाळी नऊलाच हजर झाला. वर म्हणाला, "पाऊस सुट्टी घेत नाही हो."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मालक मला गोदामात घेऊन गेले, फोरमनलाही बोलावलं. "परवाना गेला तर चाळीस घरं बसतील," मालक म्हणाले. यात खोटं काही नव्हतं. "काहीतरी करा."

युक्ती माझीच. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालत नाही. आवारातून पाइपाकडं जाणाऱ्या नालीत आतून वाळूची पोती टाकायची, म्हणजे आमचं पाणी आतच अडेल. भिंतीच्या आत, पाइपाच्या तोंडाशी खोकी रचून त्यांच्या आडोशाला फोरमनला बसवायचं. मंडळाचा माणूस भिंतीबाहेर पाइपाखाली बाटली धरून उभा राहिला की आतून स्वच्छ पाणी ओतायचं.

"स्वच्छ पाणी कुठलं?" फोरमननं विचारलं.

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "अक्काच्या विहिरीचं. तसलं पाणी अख्ख्या गोकुळ रोडला नाही."

आमच्या ड्रमांना तेलाचा वास, म्हणून फोरमननं आणखी डोकं लढवलं. तो अक्काकडं गेला आणि म्हणाला, पूजेसाठी पाणी पाहिजे. अक्काला एवढा आनंद झाला की तिनं लग्नकार्यालाच बाहेर काढायचे तांब्याचे चार हंडे सुनेकडून चिंचेनं घासून घेतले, विहिरीवर हळदकुंकू वाहिलं आणि हंडे भरून दिले. वर म्हणाली, "देवाच्या कामाला माझी विहीर उपयोगी पडली, बरं झालं."

पूजा झाली. प्रत्येक यंत्राला झेंडूचा हार घातला, मालकांनी कुंकू भरलेला कोहळा फाटकात आपटला, आणि अगदी प्रसादाचे चुरमुरे हातात असतानाच आभाळ फुटलं. मंडळाचा माणूस चुरमुरे तोंडात कोंबून पेटी घेऊन पळाला. मी छत्री घेऊन त्याच्या मागं.

भिंतीबाहेर तो पाइपाखाली वाकून बसला. आतून पाणी आलं. कसं स्वच्छ, नितळ! मला स्वतःला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग थांबलं. मग परत आलं, घळाघळा. परत थांबलं. फोरमन हंडा बदलत असणार.

"पाऊस तर सारखा पडतोय," तो म्हणाला. "पाणी असं थांबून थांबून का येतंय?"

"उतार तसा आहे," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं, बाटलीकडं बघितलं, बूच लावलं आणि चिठ्ठी चिकटवली. तिकडं आत आवाराचं तळं झालं होतं. अडवलेल्या पाण्यात मालकांच्या चपला तरंगत होत्या आणि मालक धोतर गुडघ्यापर्यंत धरून ओट्यावर उभे होते. कोहळ्याच्या कुंकवानं लाल आणि तेलानं काळं असं पाणी घोट्यावर आलेलं. स्कूटर वळणापलीकडं गेल्याबरोबर फोरमननं पोती ओढून काढली आणि ते सगळं तळं एका दमात पाइपातून बाहेर पडलं, गटार भरून उतारानं खाली धावलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या! आजही ते आठवलं की माझ्या मलाच दोन मुस्कटात माराव्याशा वाटतात.

दिवाळी होऊन गेल्यावर रिपोर्ट आला. मालकांनी पाकीट फोडलं. मी आणि फोरमन समोरच होतो, तिघंही नुकतेच जेवून आलेले. त्यांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला.

"तेल. मर्यादेच्या बाहेर. कितीतरी पट," ते म्हणाले. "मॅनेजर, पाणी कुठलं दिलं होतंत?"

"अक्काच्या विहिरीचं."

"हंडे आपले होते?"

"नाही. अक्काचे. चिंचेनं घासलेले."

तेवढ्यात मालकांना ढेकर आली. दुपारच्या आमटीची.

"लिहा त्यांना," मालक जरा वेळानं म्हणाले, "की हे पाणी आमचं नव्हतंच."

"मग कुणाचं होतं, म्हणून विचारतील."

ते खुर्चीत बसले. मी तडक उठून मागच्या फाटकातून खाली गेलो. खानावळीत कुणी नव्हतं. विहिरीवर वाकून मी आत बघितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघितलं. ऊन सरळ खाली पोचलं होतं. पाण्यावर रंगीत पातळ साय धरली होती, लाल, निळी, हिरवी, जशी आमच्या आवारातल्या डबक्यांवर धरते तश्शी. मग मागं वळून बघितलं. आमच्या भिंतीतला पाइप, पाइपाखालून निघालेलं कच्चं गटार, आणि ते गटार विहिरीच्या कट्ट्याला अगदी खेटून वळण घेऊन पुढं गेलेलं. एवढं सरळ, एवढं उघड्यावर. ते बघायला कुठल्या मंडळाची गरज नव्हती. त्या आमटीवरचा तवंग अक्काचा नव्हता, आमचाच होता. दिवसभर ऑइलमधे राहून आमची नाकं मेली होती, म्हणून आम्ही तो मिटक्या मारत खात होतो. आणि अक्कानं मला जे काम दोन वर्षं सांगितलं होतं, ते मी शेवटी केलं होतं. तिच्या विहिरीचं पाणी तपासून आणलं होतं. सरकारी लॅबमधून, शिक्क्यासकट.

आता हे तिला सांगायचं कुणी? मालक म्हणाले, "तुम्ही सांगा, तुमची युक्ती." फोरमननं दाढ दुखतेय म्हणून रजा टाकली. मी चार दिवस घरून डबा आणला. धारवाडहून गार झालेली पोळीभाजी टेबलावर एकटा खात बसलो. चौथ्या दिवशी अक्कानं वॉचमनबरोबर निरोप पाठवला, "साहेबांना म्हणावं, भाकरीत काही कमी पडलं का?" त्यानं माझा जीव अर्धा झाला. लाज वाटली मला, साफ लाज वाटली.

तीन वाजता, खानावळ रिकामी असताना मी गेलो. अक्का तांदूळ निवडत होती, सून मोरीवर होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मंडळाचं पत्र, ढीग, पाइप, गटार, पोती, हंडे. पूजेसाठी म्हणून पाणी नेलं ते कशासाठी नेलं, तेही सांगितलं. मला वाटलं ती आता मराठीत ओरडेल, मग कानडीत, मग परत मराठीत. मी तयारीतच होतो.

ती ओरडली नाही. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "म्हणजे पाण्यालाच होतं ते."

"हो, अक्का."

"भांड्यांना नव्हतं."

"नाही."

ती मोरीकडं बघत राहिली. सुनेचे हात थांबले होते. "दोन वर्षं हिला बोलले मी," अक्का म्हणाली. "चार माणसांत बोलले. राख बदलली, साबण बदलला, हिच्या माहेरी सांगून धाडलं की पोरीला काम येत नाही म्हणून." मग माझ्याकडं वळून, अगदी हळू आवाजात, "साहेब, तुम्हाला नुसतं एक बाटली भरून न्यायचं सांगितलं होतं."

अक्कानं सूप परत पुढ्यात ओढलं.

"विहीर होती तशी करून द्या," ती म्हणाली. "तोवर चूल बंद."

आणि चूल खरंच बंद केली. दुसऱ्या दिवशी एक वाजता चाळीस माणसं उतारावरून खाली गेली आणि तशीच वर आली. काहींनी केळी खाल्ली, काहींनी बन खाल्ले, आणि तीन वाजेपर्यंत सगळी इतकी चिडचिडी झाली की दोन लेथवाले एका पान्यावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले. तिसऱ्या दिवशी मालक स्वतः उपाशीपोटी अक्काच्या दारात गेले. तिनं त्यांना बाकावर बसवलं, गूळपाणी दिलं नाही, आणि म्हणाली, "विहीर गेली तर मी गावाकडं जाणार. मग तुम्ही चाळीस जण मंडळाच्या त्या पत्राची भाकरी करून खावा." मालक परत आले आणि मला म्हणाले, "त्या पत्रात काय काय करायला सांगितलंय ते वाचून दाखवा." यावेळी ते "बघू" म्हणाले नाहीत.

ढिगावर पत्रा चढला, भोवती कट्टा बांधला. पाइपाआधी तीन कप्प्यांची टाकी केली, म्हणजे पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात खालच्या अंगानं जाईल आणि तेल वर अडकून राहील. गटाराला सिमेंट केलं आणि विहिरीपासून लांबून वळवलं. पंप लावून विहीर तीनदा उपसली. शेवटच्या खेपेला आमचीच माणसं खाली उतरून कातळ घासत होती आणि वरून अक्का ओरडत होती, "नुसतं धुऊ नका! घासा!" काम सुरू झालेलं बघून अक्कानं चूल पेटवली, पण तोवर स्वयंपाकाचं पाणी आमच्या बोअरवेलचं; आमटीवर तवंग नाही तो पाणी बदललं म्हणून, विहीर परत सुरू झाली की येईल, अशी माणसांनी समजूत करून घेतली. मालक रोज सकाळी कारखान्यात आल्याबरोबर आधी तिची टाकी भरली का ते विचारायचे आणि मगच आपल्या खुर्चीत बसायचे.

मंडळाकडं आम्ही झालेली कामं कळवून मुदत मागितली, ती मिळाली. पुढच्या नवरात्रात तोच माणूस पेटी घेऊन आला. त्या वर्षी यंत्रं आम्ही पाइप सोडून धुतली नव्हती. चिंध्यांनी पुसून, लाकडाच्या भुशानं कोरडी करून तो भुसा पोत्यात भरून ठेवला होता. पाऊस लागला. मी हात पाठीमागं बांधून त्याच्याजवळ उभा राहिलो. पाणी गढूळ होतं, पण एकसारखं येत होतं.

"उतार सुधारला वाटतं," तो म्हणाला.

मग मी त्याला आणखी एक बाटली विहिरीची भरायची विनंती केली. त्यानं कारण विचारलं. आता लपवून काय करायचं? मी सगळं सांगितलं. रागावेल, वर कळवेल, अशी माझी तयारी होती. तो ऐकत गेला आणि मधेच त्याचा हात पोटावर गेला.

"म्हणजे त्या दोन दिवसांत मी जी आमटी..."

"दोनदा मागून घेतली होतीत," मी म्हणालो.

मग त्यानं दुसरी बाटली उघडली, स्वतः विहिरीवर गेला आणि स्वतःच्या हातानं भरून घेतली. म्हणाला, "हिचा रिपोर्ट मला माझ्यासाठी पाहिजे."

दोन्ही रिपोर्ट चांगले आले. विहिरीचा कागद मी अक्काला वाचून दाखवला. तिनं तो घडी करून देवाच्या फोटोमागं खोचला आणि दुसऱ्या दिवसापासून आमटी परत विहिरीच्या पाण्यात शिजायला लागली.

एक वाजता आम्ही रांगेत बसलो. आमटी आली. डाळ कशी पिवळीधमक, मिरची, कोथिंबीर, आणि वर काही नाही. एका लेथवाल्यानं वाटी वाकडी करून बघितली. खरं कारण रांगेत मालक, फोरमन आणि मी सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. मालकांनी सांगितलं होतं, विहीर जुनी झाली म्हणून साफ करतोय, आणि माणसांनी ते मानलं होतं.

"काय अक्का, हात आखडला की हो तुमचा!" तो ओरडला. "पूर्वी कसं तेल असायचं!" सगळी हसली. "तेल महाग झालं का?" मालक भाकरीचा तुकडा मोडण्यात फार गुंतले होते. फोरमनची दाढ परत दुखायला लागली असावी.

अक्कानं सुनेला हाक मारली. आता वाढायला ती असायची, मोरीवर अक्का बसायची. सून पळीत शेंगदाण्याचं तेल घेऊन आली, सगळी रांग सोडून माझ्यापाशी थांबली आणि माझ्या वाटीत ती पळी शांतपणे रिकामी केली.

"हे दुकानातलं आहे, साहेब," ती म्हणाली. "खावा."

इतक्या वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली होती. मी खाली मान घालून भाकरी कुस्करायला लागलो.